मिटल्या फुलाचं लुगडं

साखर पेठेत नागम्माच्या वाटेला फारसं कुणी जात नसे. ती भांडखोर होती म्हणून नव्हे. भांडखोर बाई परवडते. दोन शिव्या देते, मोकळी होते आणि संध्याकाळी विरजणाला ताक मागायला येते. नागम्मा शिव्या देत नसे. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि मनात नीट घडी घालून ठेवायची. तिच्या लग्नात नणंद म्हणाली होती, ‘काळी हाय, पण हाडानं बरी दिसती.’ पुढं त्याच नणंदेची दोन बाळंतपणं नागम्मानं केली, तिला न्हाऊ-माखू घातलं, डिंकाचे लाडू करून खाऊ घातले. ती निघाली तेव्हा तिच्या गोऱ्यापान लेकीला कडेवर घेऊन नागम्मा एवढंच म्हणाली, “गोरी हाय, पण हाडानं कशी निघती बघायचं.” मध्ये किती वर्षं गेली होती ते नणंदही विसरली होती. नागम्मा विसरली नव्हती.

तिचं माहेर वैरागजवळचं, काळ्या रानाचं, कापसाचं. सासर सोलापुरातलं, मागाचं. नवरा गुरुसिद्धप्पा हातमागावर लुगडी विणायचा. गोगलगाय बरी इतका गरीब माणूस. एकदा मालाच्या गाडीखाली त्याचा पाय सापडला आणि गुडघ्याखाली निकामी झाला. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं दाबायचं आणि हातानं धोटा फेकायचा, ते आता त्याच्यानं होईना. तोवर बोळातल्या बायका धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायच्या, सूत उकलायच्या, तुटलेले धागे सांधायच्या. खड्ड्यात कुणी उतरत नसे. नागम्मा पदर खोचून उतरली. बोळ चार दिवस कुजबुजला. नवरा बाहेर बसून कांड्या भरतो आणि बायको माग चालवते, हे बघायला लोक काहीतरी निमित्त काढून दारावरून जायचे. पाचव्या दिवशी तिच्या फणीखालून असा काठ उतरला की कुजबूज बंद झाली.

तो काठ म्हणजे नागम्माची रुई. रुईच्या फुलांचा काठ सगळेच विणतात, पण हिचं फूल भरदार, पाकळ्या ठसठशीत आणि मधोमध पिवळा ठिपका. अख्ख्या लुगड्यात एकाच फुलाच्या पोटात पिवळ्याऐवजी काळा ठिपका असे. ते दृष्टीचं फूल. लेकराच्या गालाला तीट लावावी तसं. बायका लुगडं घेताना आधी ते काळं फूल शोधत, सापडलं की हसत आणि मगच भाव विचारत.

आणखी एक फूल त्या बोळात विणलं जाई, पण त्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नसे. साळ्यांच्या घरातली बाई गेली की तिला नेसवायच्या लुगड्यात एक फूल मिटलेलं ठेवायचं. पोटात ठिपकाच नाही, पाकळ्या आत वळलेल्या. बाईचा डोळा मिटला, तिच्या फुलाचाही मिटला. नागम्माच्या सासूनं ते तिला एकदाच दाखवलं होतं आणि बजावलं होतं, की याची गोष्ट माहेरी कधी काढायची नाही. माहेरच्या उंबऱ्यात मरणाच्या लुगड्याचं नाव घेतलं तर ते तिथंच राहतं. नागम्मानं ते फूल आयुष्यात एकदा विणलं, स्वतःच्या लेकीसाठी. गंगव्वा बाळंतपणात गेली तेव्हा. त्या दिवशी तिनं धोटा कुणाला शिवू दिला नाही.

माल घ्यायचा विरुपाक्षशेट. मंगळवार पेठेत त्याचं कापडाचं दुकान, वैरागला कापसाची अडत. डोक्याला खादीची टोपी, दारावर ‘अस्सल सोलापुरी, अस्सल स्वदेशी’ अशी पाटी आणि जिभेवर सतत साखर. तो नागम्माला ‘अक्का’ म्हणायचा. आमच्या गावात ज्यानं बुडवायचं ठरवलेलं असतं तो आधी नातं लावतो.

एकोणीसशे तेहतीस साली जपानी कापडानं बाजार भरून गेला. इतकं स्वस्त की बोळातल्या बायकाही ते चोरून घेत आणि आत नेसत. मग सरकारनं त्याच्यावर जबर जकात बसवली. पेठेत पेढे वाटले गेले. नागम्मानं घरातल्या दोन्ही मागांना हळद-कुंकू वाहिलं. त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ सिद्धाप्पा वैरागहून आला. चेहरा उतरलेला.

“तुमी पेढे खावा, अक्का,” तो म्हणाला. “जपाननं आपला कापूस घ्यायचा बंद केला. तुमी तेचं कापड घेत न्हाय, तर तो आमचा कापूस घेत न्हाय. घरात बोंडं भरल्यात. निजायला जागा न्हाय.”

“मंग काय करू? तेचं कापड येऊ दे आन माझा माग मोडू दे?”

“मी कुटं म्हनतो तसं?”

“म्हनत न्हाईस. पेढा ठेवलास की तसाच.”

भाऊबहीण त्या दिवशी जेवले, पण एकमेकांकडे न बघता. गुरुसिद्धप्पा दोघांच्या मध्ये बसून भाकरी कुस्करत राहिला. खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. त्या वर्षी घराघरात असंच चाललं होतं. कापूस पिकवणारा आणि कापड विणणारा एकाच आईच्या पोटचे असले, तरी एकाचं सणासुदीचं तोंड गोड झालं की दुसऱ्याचं कडू व्हायचं.

पुढच्या वर्षी दिल्लीत सरकारचा आणि जपानचा करार झाला. जपाननं इतक्या गाठी कापूस उचलायचा आणि हिंदुस्थाननं तितक्या हिशेबानं कापड येऊ द्यायचं. जकातही उतरली. पेढे आता वैरागला वाटले गेले.

नागपंचमीला सिद्धाप्पा आला तो नव्या धोतरात, गालावर तकाकी. कापूस गेला होता. त्यानं बहिणीपुढं लुगडं ठेवलं.

“मुद्दाम तुज्या काठाचं घेतलं की, अक्का. वैरागच्या बाजारात बघितलं आन म्हनलं, ही तर आमच्या अक्काची रुई!”

नागम्मानं घडी मोडली. रुईच होती. पण हाताला कापड गुळगुळीत, निर्जीव लागलं. काठ विणलेला नव्हता, छापलेला होता. आणि काळ्या पोटाचं फूल एक नव्हतं. वीतभर अंतरानं एक, पुन्हा वीतभरानं एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिनं लुगडं सगळं उलगडलं. घरभर काळे ठिपके.

तिला कळायला क्षणही लागला नाही. जकात बसायच्या आधीच्या दिवाळीला विरुपाक्षशेटानं तिच्याकडून काठाचा वीतभर तुकडा मागून नेला होता. ‘मुंबईच्या गिऱ्हाइकाला वानगी दाखवायची, अक्का.’ तिनं घाईत कापून दिला, आणि नेमकं दृष्टीचं फूल त्या तुकड्यात गेलं. तिकडच्या छापणाऱ्यांना काय ठाऊक, की काळं फूल एकदाच असतं आणि का असतं. त्यांनी समोर आलं ते इमानेइतबारे छापलं.

“आवडलं न्हाय का?” सिद्धाप्पानं विचारलं.

“लई आवडलं,” नागम्मा म्हणाली, आणि तिनं घडी घातली.

भाऊ गेल्यावर ती सरळ मंगळवार पेठेत गेली. विरुपाक्षशेट गादीवर लोडाला टेकून बसला होता. तिनं ते लुगडं त्याच्यापुढं टाकलं.

“हे माझं फूल हाय.”

शेटानं बोटानं काठ चाचपला. “फूल देवाचं, अक्का. आपलं-तुपलं कशाला?”

“वानगी तुमी नेली. जपानला धाडली.”

“धाडली की,” तो शांतपणे म्हणाला. त्यानं नाकारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. “करार सरकारनं केलाय, मी न्हाय. तुमच्या भावाचा कापूस मीच बोटीवर चढवला. आता बोट रिकामी येनार व्हय? कापूस जायला पायजे आन कापड यायला नको, असं कसं चालंल? भावाला इचारा की.” मग तो जरा पुढं वाकला. “आन रागावू नका. ही रुई लई चालली. दुसरी वानगी असली तर द्या. ह्या खेपेला तुमालाबी काहीतरी देतो.”

दुकानातले गुमास्ते हसले. नागम्माला आतून आग लागली होती. हात त्याच्या टोपीकडं जायला शिवशिवत होते. पण ती नागम्मा होती. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, “देते की. जरा सवड द्या.”

घरी येऊन ती मागाच्या खड्ड्यात उतरली. गुरुसिद्धप्पानं पिवळी कांडी पुढं केली. तिनं नको म्हटलं. त्यानं काळी पुढं केली. तिनं तीही नको म्हटली. काठ सरकू लागला. पाकळ्या आत वळल्या, पोट रिकामं राहिलं. गुरुसिद्धप्पाच्या हातातली कांडी खाली पडली.

“कुनासाठी?” तो पुटपुटला. “बोळात कोन गेलं न्हाय.”

“जायचंय,” नागम्मा म्हणाली.

तिला गंगव्वा आठवली नाही असं नाही. हात एकदा थांबलाही. पण राग असा होता की त्यानं लेकीलाही बाजूला सारलं, आणि नागम्मानं ते स्वतःला करू दिलं. मी तिची बाजू घेत नाही. जे झालं ते सांगतो.

दिवाळीला तिनं वानगी दिली. नवा रंग, गर्द डाळिंबी, आणि वीतभर काठात इतर फुलांमध्ये एक मिटलेलं. शेटाची नजर रंगावर आणि सुतावर. आयुष्यभर लुगडी विकली, पण कुठल्या बाईला कधी काय नेसवतात हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं वानगी कागदात गुंडाळली आणि तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. नागम्मानं ती खाल्ली.

मग तिनं वाट पाहिली. वर्ष गेलं. तिचे दोन्ही माग अर्धा वेळ बंद असायचे. जपानी रुईपुढं तिची रुई महाग पडत होती. बोळातले लोक एकेक करून लुगडं सोडून चादरीकडं वळले. ती मात्र रोज पहाटे खड्ड्यात उतरायची आणि खुशीत असायची. गुरुसिद्धप्पाला तिच्या त्या खुशीचीच भीती वाटायची.

छत्तीसच्या संक्रांतीच्या तोंडावर माल आला. डाळिंबी लुगड्यांच्या गाठी दुकानापुढं उतरल्या. बायकांची झुंबड उडाली. नागम्मानं बाजार भरू दिला, लुगडी घरोघर जाऊ दिली. आणि मग तिनं गोजरबाई कासारणीला बांगड्या भरायला बोलावलं.

गोजरबाई म्हणजे शहरातल्या सगळ्या बायकांची मनगटं धरणारी बाई. बांगडी चढेपर्यंत हात सोडवून घेता येत नाही, आणि तोवर ती जे सांगेल ते ऐकावं लागतं. नागम्मानं तिच्यापुढं हात धरला आणि विचारलं, “त्या डाळिंबी लुगड्यातलं फूल बघितलंस का गं?”

“लई गोड हाय की.”

“नीट बघ. डोळा मिटलाय तेचा. वीतभरावर एक. आमी ते कवा इनतो ठावं हाय न्हवं तुला?”

गोजरबाईच्या हातातली बांगडी तडकली.

संक्रांतीचं वाण लुटायच्या दिवशी सबंध शहराला कळलं होतं. सुवासिनींनी मरणाचं लुगडं नेसून हळदीकुंकू घेतलं होतं, एक नाही, शेकड्यांनी. बायका दुकानावर चालून गेल्या. कुणी लुगडी फेकली, कुणी ‘अस्सल स्वदेशी’च्या पाटीला शेण फासलं. एका म्हाताऱ्या तेलगू बाईनं शेटाच्या उंबऱ्यावर नारळासारखं मडकं फोडलं आणि मागं न बघता निघून गेली. अंत्ययात्रेत फोडतात तसं. विरुपाक्षशेट टोपी सावरत आतल्या खोलीत पळाला.

नागम्मा समोरच्या कट्ट्यावर उभी राहून हे सगळं बघत होती. तिला मनापासून आनंद झाला. आतल्या खोलीच्या दारातून शेटानं तिला बघितलं. ती हसली. तिला वाटलं होतं तो शिव्या देईल. त्यानं मान हलवली.

ती मान हलवणं नागम्मानं ओळखायला हवं होतं. स्वतः जन्मभर तेच केलं होतं. पण जिंकल्यावर माणसाला समोरचं दिसत नाही.

चैत्रात सिद्धाप्पाच्या थोरलीचं, नीलव्वाचं, लग्न निघालं. नागम्मानं भाचीसाठी स्वतःच्या हातानं लुगडं विणायला घेतलं: खरी रुई, पिवळे ठिपके आणि एक काळं फूल. काठ संपता संपेना, म्हणून ती लग्नाच्या दिवशीच सकाळी वैरागला पोचली. बैलगाडीतून उतरली, मांडवात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

सगळा मांडव डाळिंबी होता. वहिनी, चुलत्या, माम्या, नवऱ्या मुलाची आई, करवल्या, वाढायला लागलेल्या बायका, सगळ्यांच्या अंगावर तेच. वीतभरावर एक फूल मिटलेलं. आणि आत, पाटावर, हळद लागलेली नीलव्वा डाळिंबी लुगडं नेसून बसली होती.

“आली गं माजी अक्का!” सिद्धाप्पा धावत आला. “बघ की! विरुपाक्षशेटानं ह्या साली कापसाला अर्धा पैसा दिला आन अर्ध्याचं कापड. आमी म्हनलं द्या, लग्नघर हाय. सगळ्या व्हऱ्हाडाला एका रंगाचं नेसवलं. गावात कुनी असं केलं न्हाय!” त्यानं एक घडी तिच्या हातात ठेवली. “हे तुजं. भावाचा आहेर.”

सोलापुरात विकेना, म्हणून सगळ्या गाठी इथं आल्या होत्या. कापूस घ्यायचा आणि कापड द्यायचं. दिल्लीत जे झालं तेच शेटानं वैरागच्या पेठेत केलं. आणि इथं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक कुठून असणार? मरणाच्या लुगड्याची गोष्ट नागम्मानं माहेरी कधी काढलीच नव्हती. सासूनं सांगितलेलं तेवढं एकच तिनं तंतोतंत पाळलं होतं.

मांडवाच्या टोकाला मानाच्या पाटावर विरुपाक्षशेट बसला होता. हातात पानाचा विडा. तो उठून तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “या अक्का. तुमच्या हातचीच वानगी हाय. सांगा की समद्यांना फुलाची गोष्ट. तितं सोलापुरात सांगितलीत, हितं का गप?”

नागम्मानं एकवार मांडवभर बघितलं. सांगितलं तर नवऱ्या मुलाकडचे हातातल्या अक्षता टाकून उठतील. अशुभ लुगडं नेसलेली सून कोण घरात घेईल? नाही सांगितलं तर गंगव्वाला नेसवलेलं फूल नीलव्वाच्या अंगावर. तिचा सूड तिच्याच माहेरच्या चुलीपुढं येऊन बसला होता, आणि तो तिनंच धाडला होता. शेटाला उगाच कशाला दोष द्यायचा. त्यानं फक्त पत्ता बदलला होता.

तिनं डोळे पुसले. मग ती नेहमीच्या आवाजात वहिनीला म्हणाली, “सुई आन काळा दोरा आन. आमच्या साळ्यांच्यात रीत हाय. लग्नात एकेकीच्या पदराला दृष्टीचा डोळा घालायचा असतो. आत्यानं घालायचा.”

“अशी रीत कवा ऐकली न्हाय,” वहिनी म्हणाली.

“आता ऐकलीस की.”

आधी तिनं नीलव्वाला आत नेलं, डाळिंबी लुगडं सोडवलं आणि स्वतः विणलेलं नेसवलं. पोरीच्या खांद्यावर काठ नीट करताना तिनं दोनदा डोळे पुसले, तेव्हा नीलव्वानंच विचारलं, “आत्या, रडतीस का?” नागम्मा म्हणाली, “सुतानं डोळं जातात.” मग ती मांडवाच्या खांबाशी बसली आणि एकेक बाई तिच्यापुढं येऊन पदर पसरू लागली. प्रत्येक पदरातलं एक मिटलेलं फूल ती काळ्या दोऱ्यानं उघडत होती. एक डोळा उघडला की लुगडं जितं झालं. बायकांना भारी मौज वाटली. अक्षतांच्या आधी शेवटचा दोरा तिनं दातानं तोडला.

विरुपाक्षशेट हे सगळं बघत होता. आधी त्याचं तोंड आंबट झालं. त्याला वेगळाच तमाशा बघायचा होता. पण मग त्यानं बायका एकमेकींना काळं फूल कौतुकानं दाखवताना पाहिल्या, आणि त्याच्यातला व्यापारी जागा झाला.

“वा अक्का! माझा मेलेला माल तुमी जिता केला की,” तो म्हणाला.

“तुजा न्हाय,” नागम्मा म्हणाली. त्या दिवसापासून तिनं त्याला अहो-जाहो केलं नाही.

पुढच्याच आठवड्यात उरलेल्या गाठी फुटल्या. शेटानं गुमास्त्यांना बसवून मिटलेल्या फुलांच्या पोटात शाईचे ठिपके मारून घेतले आणि ‘सोलापूरच्या नागम्माचं दृष्टीचं लुगडं’ म्हणून ती आसपासच्या गावांत कापसाच्या बदल्यात वाटली. तिला विचारलंसुद्धा नाही. गोजरबाई धापा टाकत बोळात आली. “सांगू का गं? एका दिवसात बोंब करते.”

संक्रांतीला हेच सांगायला नागम्मानं तिला स्वतः बोलावलं होतं.

“नको,” ती म्हणाली. “ती लुगडी नेसनाऱ्याबी कुनाच्या तरी भाच्याच. त्येंच्या जिवाला घोर नको. आन दोऱ्याची नक्कल तेनं शाईनं केलीया. बघू, पानी काय म्हनतं.”

पाणी काय म्हणायचं ते म्हणालं. पहिल्या धुण्याला शाई सुटली, ओढ्यावर डाळिंबी काठ काळेनिळे झाले. या वेळी शकुन-अपशकुनाची गरजच पडली नाही. कापूसवाल्यांच्या बायका ओले पिळे घेऊन वैरागच्या अडतीवर गेल्या, आणि कापसाचे गाडे घेऊन त्यांचे नवरे मागं उभे राहिले. सगळ्यांच्या पुढं सिद्धाप्पा होता. “कापडावर कापूस न्हाय,” तो म्हणाला. “रोख दे, न्हायतर गाडं बार्शीला वळलं.” गाडे बार्शीला वळले. अडत त्या हंगामात उठली. मंगळवार पेठेतलं दुकान मात्र चालू राहिलं. असल्या माणसांची दुकानं बंद होत नाहीत. पाटी तेवढी बदलते.

आषाढात सिद्धाप्पा सोलापूरला आला. भाकरी खाता खाता म्हणाला, “अक्का, कापूस गेला न्हाय तर मी मरतो. कापड आलं तर तू मरतीस. आपण दोघांनी करायचं काय?”

“मला इचारून करार करायचा व्हता की दिल्लीवाल्यांनी,” नागम्मा म्हणाली. “मी सांगितलं असतं, आमी एकाच ताटात जेवतो म्हनून.”

या वेळी दोघं एकमेकांकडं बघून जेवले. पण तिचा एक माग तोवर मोडला होता, त्याच्या फळ्यांचं चुलीपुरतं जळण झालं होतं. दुसऱ्यावर ती कधीमधी बसायची. ओढ्यावरच्या धुण्यानंतर खेड्यापाड्यांतून बायका डाळिंबी लुगडी घेऊन यायच्या, आणि नागम्मा रिकाम्या मागाच्या काठावर बसून एकेका फुलाचा डोळा दोऱ्यानं उघडून द्यायची. ज्या कापडानं तिचा माग बंद पाडला, त्यालाच जन्मभर डोळे लावत बसली. कुणी कीव केली तर तिला राग यायचा. “माझंच काम हाय,” म्हणायची. “मीच मिटलं व्हतं.”

एकोणचाळीसच्या श्रावणात, पंचमीच्या आधी, ती गेली. गुरुसिद्धप्पा तिच्या आदल्या वर्षीच गेला होता. बोळातल्या लोकांनी रीतीप्रमाणं मिटल्या फुलाचं लुगडं विणायचं म्हटलं, पण आता सगळ्या मागांवर चादरी होत्या. रुई विणणारा हातच उरला नव्हता. तेव्हा गोजरबाईनं नागम्माची पेटी उघडली. तळाशी भावाच्या आहेराचं डाळिंबी लुगडं होतं, घडीही न मोडलेलं. शेकडो लुगड्यांना डोळे लावणाऱ्या नागम्मानं हे एक तसंच ठेवलं होतं. ते का ठेवलं होतं, हे तिनं गोजरबाईला आधीच सांगून ठेवलं होतं.

आमच्याकडं मयताला बसवून नेतात, सजवलेल्या मखरात. नागम्मा डाळिंबी लुगडं नेसून बसली आणि मंगळवार पेठेतून निघाली. विरुपाक्षशेट रीतीप्रमाणं दुकानाबाहेर येऊन हात जोडून उभा राहिला. मखर पुढं आलं, आणि त्याची नजर काठावर गेली. वीतभरावर एक, वीतभरावर एक.

गोजरबाई थांबली. तिच्या मागं सगळी यात्रा थांबली. “वळखलंत का, शेटजी?” ती सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी म्हणाली. “तुमचाच माल हाय. नागम्मानं निरोप दिलाय. म्हनली, तेवढ्या गाठींतलं एक लुगडं तरी बरोबर अंगावर गेलं म्हनून सांग. आन तुमच्या घरी दुसरं लागलं, तर वानगी तुमच्याकडं हाय.”

शेटाचे जोडलेले हात तसेच राहिले. यात्रा पुढं निघाली.